से, टेल, स्पीक, टॉक: चारही 'सांगणे-बोलणे'च, मग फरक शिकवायचा कसा?

वहीचा_समास:

सेमी-इंग्रजीच्या आठवी-नववीसाठी इंग्रजीची टाचणं तयार करतो आहे. काळ, वचन, प्रयोग हे सगळं मुलांना जमतं. गाडी अडते ती जवळजवळच्या अर्थाच्या क्रियापदांपाशी. शब्दकोश उघडावा तर 'टेल'पुढे सांगणे, 'से'पुढे म्हणणे, सांगणे, 'स्पीक' आणि 'टॉक' दोन्हींपुढे बोलणे. 'सी', 'लुक', 'वॉच' या तिघांना मिळून एकच 'पाहणे'. मग वह्यांमध्ये ही वाक्यं येतात:

'ही सेड मी दॅट टुमॉरो इज हॉलिडे.'
'आय अ‍ॅम नॉट लिसनिंग युअर व्हॉइस.'
'थीव्ज रॉब्ड हर नेकलेस.'
'आय अ‍ॅम फाइंडिंग माय पेन.'
'प्लीज रिमूव्ह माय फोटो.' (म्हणजे 'माझा फोटो काढा ना'!)
'द बुक इज लेइंग ऑन द टेबल.'

फरकांचे तक्ते गाईडांमध्ये ढिगाने आहेत. मुलं ते पाठ करतात आणि पेपर संपला की विसरतात. त्यामुळे तक्ता नको, कसोटी हवी आहे. वाक्य लिहिताना मुलाला आपली आपण लावून बघता यावी, एवढीच अपेक्षा. कुणी अशी काही पद्धत वापरतं का?


कर्ता_कर्म:

अर्थातला फरक समजावत बसलात की फसलात. 'से म्हणजे नुसतं म्हणणं आणि टेल म्हणजे माहिती देणं' असं सांगितलं, मुलांनी मान डोलावली, आणि पुढच्या ओळीत पुन्हा 'सेड मी'. फरक अर्थात कमी आहे, क्रियापदाच्या मागे काय बसतं त्यात जास्त आहे.

मराठीत ला, ने, शी, कडे हे प्रत्यय नामालाच चिकटलेले असतात. 'आजीने नातवाला गोष्ट सांगितली' हे वाक्य कसंही उलटंपालटं करा, कोणी कोणाला सांगितलं ते कळतंच. इंग्रजीत नामांचे असे प्रत्यय जवळपास गळून गेलेत, उरलेत ते 'ही-हिम', 'शी-हर' अशा सर्वनामांत. म्हणून तिथे जागेला महत्त्व. प्रत्येक क्रियापदाच्या लगेच मागची खुर्ची कोणाची, हे ठरलेलं असतं.

टेलमागची खुर्ची माणसाची: 'टेल मी', 'टोल्ड हर', 'टोल्ड द टीचर'. सेमागची खुर्ची शब्दांची, म्हणजे जे म्हटलं त्याची. माणूस आणायचाच असेल तर तो 'टू'चं बोट धरून येतो: 'सेड टू मी'. मुलं 'सेड मी' का लिहितात? मराठीत 'तो मला म्हणाला' आणि 'त्याने मला सांगितलं' या दोन्हींत 'मला' एकसारखाच आहे, म्हणून. तेव्हा मुलांना एवढंच विचारायला लावा: क्रियापदाला खेटून माणूस आहे का? असला तर टेल, नसला तर से.

'यायला सांगितलं', 'थांबायला सांगितलं' असं '-यला' आलं की टेल घ्यायचं: 'ही टोल्ड मी टू वेट'.

स्पीकमागे खेटून बसते ती भाषा: 'स्पीक मराठी'. टॉकमागे भाषेचं नाव सहसा येत नाही. माणसासाठी दोघांनाही 'टू' लागतो. उरलेला फरक असा की स्पीक जरा औपचारिक आणि बरेचदा एकतर्फी असतं, सभेत बोलणं, फोनवर 'मे आय स्पीक टू...' वगैरे. टॉक म्हणजे गप्पा, बोलाचाली, दोन्ही बाजूंनी. नववीपर्यंत यापेक्षा खोलात जाऊ नका.

याच खुर्चीच्या हिशेबात आणखी तीन चुका सुटतात. 'एक्स्प्लेन मी' नाही, 'एक्स्प्लेन इट टू मी'. 'सजेस्ट मी अ बुक' नाही, नुसतं 'सजेस्ट अ बुक'. आणि 'डिस्कस अबाउट' नाही. डिस्कसमागे विषय थेट बसतो. आपण 'विषयावर चर्चा' म्हणतो, त्या 'वर'चा तो 'अबाउट' होतो. (नाम वापरलं तर 'डिस्कशन अबाउट' बरोबर आहे, म्हणून गोंधळ वाढतो.)

रॉब आणि स्टीलचंही तेच. रॉबमागे ज्याला लुटलं तो माणूस किंवा ती जागा. स्टीलमागे जी गेली ती वस्तू. बँक 'रॉब' होते, पैसे 'स्टील' होतात. आपल्या वर्तमानपत्रांत 'बँक लुटली' आणि 'दागिने लुटले' दोन्ही छापून येतं, म्हणून मुलं नेकलेसलाच 'रॉब' करून मोकळी होतात. बरोबर वाक्यं दोन: 'थीव्ज स्टोल हर नेकलेस' किंवा 'थीव्ज रॉब्ड हर ऑफ हर नेकलेस'. हवं तर पोलिसांच्या भाषेतली उतरंडही सांगा, मुलांना ती आवडते. नुसती चोरी म्हणजे थेफ्ट, घरफोडी म्हणजे बर्गलरी, धाक दाखवून किंवा मारहाण करून केलेली जबरी चोरी म्हणजे रॉबरी. पाच किंवा अधिक जणांनी मिळून ती केली की आपल्या कायद्यात तो दरोडा, म्हणजे डकॉइटी, आणि हा शब्द तर इंग्रजीने आपल्याकडूनच उचललाय.


ऐकू_येतंय_का:

वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. टेलमागे दर वेळी माणूस असतोच असं नाही. 'टेल द ट्रूथ', 'टेल अ लाय', 'टेल अ स्टोरी', 'टेल अ जोक' ही चार जशीच्या तशी चालतात. 'टेल द टाइम' म्हणजे घड्याळ कळणं आणि 'टेल द डिफरन्स' म्हणजे फरक ओळखू येणं, या दोन्हींत तर सांगण्याचा संबंधच नाही. सेच्या बाजूला 'हॅलो', 'सॉरी', 'यस', 'नो' आणि 'अ प्रेयर'. एवढी पाठ करून घ्या, बाकी खुर्चीचा नियम चालतो.

आता सी आणि हिअर. इथे मराठी मुलांना इंग्रज मुलांपेक्षाही सोपं जायला हवं. जो फरक शिकवायचाय तो त्यांच्या बोलण्यात लहानपणापासून आहे, फक्त त्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

'मी' की 'मला', एवढंच विचारा.

मला दिसलं: सी. मी बघितलं: लुक किंवा वॉच.
मला ऐकू आलं: हिअर. मी ऐकलं: लिसन.
मला सापडलं: फाइंड. मी शोधलं: लुक फॉर.

आपल्याकडे गोष्ट आपोआप घडली की कर्त्याचा 'मला' होतो आणि मुद्दाम केली की 'मी' राहतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'आय'च, म्हणून तिथे क्रियापद बदलतं. 'मी पेन शोधतोय' हे मुद्दाम चाललंय, म्हणजे 'लुकिंग फॉर'. 'मला पेन सापडलं' हे घडलं, म्हणजे 'फाउंड'. 'मी कान देऊन ऐकलं, पण मला काही ऐकू आलं नाही' हे वाक्य फळ्यावर लिहा आणि मुलांनाच भाषांतर करू द्या. 'आय लिसन्ड, बट आय हर्ड नथिंग' हे त्यांच्या तोंडून आपसूक निघतं.

ऑनलाइन तासाला 'आय अ‍ॅम नॉट लिसनिंग टू यू' म्हणणाऱ्या मुलाला सांगायचं असतं 'सर, ऐकू येत नाहीये', आणि सांगून बसतो 'मी तुमचं ऐकत नाही, जा'. तिथे 'आय कान्ट हिअर यू'. या 'कान्ट'कडेही लक्ष द्या. 'मला' गटातली क्रियापदं चालू काळाचं 'इंग' सहसा घेत नाहीत. 'मला डोंगर दिसतोय' याचं 'आय अ‍ॅम सीइंग' होत नाही, 'आय कॅन सी द हिल' होतं. 'आय अ‍ॅम सीइंग द डेंटिस्ट अ‍ॅट फाइव्ह' हे मात्र बरोबर, कारण तिथे सी म्हणजे भेटणं, दाखवायला जाणं.

कसोटी जिथे तुटते तेही सांगून ठेवतो, नाहीतर एखादा हुशार मुलगा वर्गातच तोडेल. 'मी ऐकलं की तू पुण्याला चाललास' यात 'मी' आहे, तरी हिअर. ऐकणं-बघणं याच्यामागे 'की' आला, म्हणजे बातमी कळली, तर हिअर किंवा सी. वास आणि चव यांत इंग्रजी फरकच करत नाही: 'मला वास आला' आणि 'मी वास घेतला' दोन्हींना 'स्मेल'.

'मी बघितलं'मध्ये लुक की वॉच? वस्तू जागची हलत नसेल तर 'लुक अ‍ॅट': फोटो, नकाशा, फळा. काही घडत असेल आणि ते पुढे काय होतं म्हणून बघत बसायचं असेल तर वॉच: मॅच, टीव्ही, खेळणारं पोर. वॉचला 'अ‍ॅट' नको, लुकला हवाच. सिनेमाला घरी वॉच आणि थिएटरात सी जास्त वापरतात, पण त्यासाठी मार्क कापू नका.

सर्चबद्दल एक. 'पोलीस सर्च्ड द थीफ' म्हणजे चोराची झडती घेतली, खिसे तपासले. 'सर्च्ड फॉर द थीफ' म्हणजे चोराला शोधत फिरले. एका 'फॉर'मध्ये चोर हातात आहे की पळालाय ते ठरतं.


ठाणे_लोकल:

'मी-मला' झकास आहे, पण वर्गात कुठलं मराठी बोललं जातं तेही बघा. आमच्या मुंबई-ठाण्याकडे 'म्हणाला' जवळपास संपलंय. 'तो मला बोलला की उद्या सुट्टी आहे', 'मी बोललो ठीक आहे' असंच चालतं. बोलणे म्हणजे स्पीक हे पाठ केलेलं मूल मग 'ही स्पोक मी दॅट' लिहितं. त्याचं मराठी चुकलं म्हणून त्याला झापू नका, एक आडाखा द्या: स्पीक आणि टॉक यांच्यामागे 'दॅट' येत नाही. 'बोलला की' दिसलं की समजायचं, हा 'म्हणाला' आहे, से किंवा टेल घ्यायचं.

आता लावणे आणि काढणे. माझं मत विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ यांना द्या, कारण इथे मुलाला दोन इंग्रजी शब्दांतून निवडायचं नसतं, एका मराठी शब्दाचे दहा तुकडे करायचे असतात. 'लाव'चं सोंग बघा:

दार लाव: क्लोज, शट.
ट्यूब लाव: टर्न ऑन. समई लाव: लाइट.
गजर लाव: सेट. झाड लाव: प्लांट. मलम लाव: अप्लाय, पुट ऑन. कुकर लाव: पुट ऑन. फोन लाव: कॉल.
वेळ लावू नकोस: डोन्ट टेक सो लाँग.

दार लावलं की बंद होतं आणि ट्यूब लावली की चालू होते, शब्द एकच. 'लावणे म्हणजे काय' हा प्रश्नच चुकीचा आहे. लावायचं काय, ते नाम आधी धरा आणि त्या नामाबरोबर इंग्रजीत कोण फिरतं ते बघा. म्हणून वहीत क्रियापद एकटं लिहू देऊ नका, जोडीने लिहा: 'सेट द अलार्म', 'प्लांट अ ट्री'.

काढणेचंही तेच, पण तिथे सगळा घोळ 'रिमूव्ह' घालतो. फोटो 'टेक', चित्र 'ड्रॉ', तिकीट 'बाय', बँकेतून पैसे 'विथड्रॉ', बूट 'टेक ऑफ', गाईचं दूध काढणं म्हणजे नुसतं 'मिल्क'. (दात काढणं दोन प्रकारचं. डॉक्टर काढतात ते 'पुल आउट', मागच्या बाकावरची पोरं काढतात ते 'लाफ'.) मग रिमूव्ह कधी? 'काढून टाक' म्हणून बघा. अर्थ तोच राहिला तर रिमूव्ह. डाग काढला, काढून टाकला: एकच. यादीतून नाव काढलं, काढून टाकलं: एकच. फोटो काढला आणि काढून टाकला: अर्थच उलटा झाला, म्हणजे तिथे रिमूव्ह नाही.

'बंद कर'साठी: जे हलून मिटतं त्याला क्लोज, म्हणजे दार, पुस्तक, डोळे, डबा. ज्यातून काही वाहतं त्याला टर्न ऑफ, म्हणजे नळ, गॅस, दिवा, पंखा. 'क्लोज द फॅन' म्हणणाऱ्याला विचारायचं, पंख्याला झाकण कुठाय?


वहीचा_समास:

'काढून टाक' उद्याच वर्गात वापरतो. खुर्ची आणि मी-मला या दोन्हींचं एक टाचण होईल. राहिलं ते लाय आणि ले. त्यात पुन्हा खोटं बोलण्याचा लाय येतो. शिवाय 'आय हॅव वोर्न माय शूज' असं एका मुलीने लिहिलंय, म्हणजे तिला 'मी बूट घातलेत' म्हणायचं होतं. हे चूक आहे हे दिसतं, पण का चूक ते सांगता आलं नाही. आणि बॉरो-लेंड तर कायमचेच.


प्रयोजक:

लाय-ले मराठीतून शिकवा, चुटकीसरशी होतं. आपल्याकडे बसणे-बसवणे, पडणे-पाडणे, उठणे-उठवणे, पिणे-पाजणे या जोड्या रोज वापरात आहेत. पहिलं आपलं आपण होतं, दुसरं कोणीतरी घडवून आणतं. इंग्रजीतही अशा थोड्या जोड्या शिल्लक आहेत:

सिट बसणे, सेट बसवणे-मांडणे.
राइझ वाढणे-वर येणे, रेझ वाढवणे-वर करणे.
फॉल पडणे, फेल पाडणे (झाड तोडून पाडणे).
लाय पडून असणे-आडवं होणे, ले ठेवणे-आडवं करणे.

पगार वाढला, 'रोझ'. मालकाने पगार वाढवला, 'रेझ्ड'. कोंबडी अंडी घालते तिथे 'ले', कारण कर्म आहे. पुस्तक टेबलावर पडलंय तिथे 'इज लाइंग', कारण कोणी काही करत नाहीये.

या जोड्या दिसायला सारख्या आहेत हा योगायोग नाही. इंग्रजी ज्या कुळातली त्या जुन्या जर्मानिक भाषांमध्ये आपल्यासारखाच प्रयोजक, म्हणजे 'घडवून आणणारं' क्रियापद, बनवायची रीत होती, आतला स्वर बदलायचा. आपलं पडणे-पाडणे तसंच आहे. 'ड्रिंक'चाही असा प्रयोजक होता, 'ड्रेंच', म्हणजे मूळचं पाजणे. पुढे त्याचा अर्थ चिंब भिजवणे असा सरकला. पण गुरांना पातळ औषध पाजण्याला इंग्रजीत अजून ड्रेंच म्हणतात, आणि आपले शेतकरी झाडाच्या मुळाशी औषध ओतण्याला 'ड्रेंचिंग' किंवा आळवणी म्हणतात ते याच शब्दाचं. गावाकडच्या शाळेत हे सांगितलंत तर मुलं नांगी टाकणार नाहीत.

आता रूपं, कारण खरी मेख तिथे आहे:

आडवं होणे: लाय, ले, लेन, लाइंग.
ठेवणे: ले, लेड, लेड, लेइंग.
खोटं बोलणे: लाय, लाइड, लाइड, लाइंग.

पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ एकच, 'ले'. ज्यांची मातृभाषा इंग्रजी तेही इथे सर्रास घसरतात, त्यामुळे मुलांना फार ताणू नका. ठेवणे म्हणायचं असेल तर 'पुट' वापरून सुटता येतं, हा शहाणपणाही शिकवावा.

मात्र बहुतेक इंग्रजी क्रियापदांना अशी जोडी नाही, हे सांगायला विसरू नका. 'पाणी उकळलं' आणि 'तिने पाणी उकळवलं' दोन्हींना 'बॉइल्ड'. ओपन, ब्रेक, ग्रो तशीच. नाहीतर मुलं प्रत्येकाचा जोडीदार शोधत बसतील.

त्या मुलीच्या बुटांचं: वेअर म्हणजे अंगावर असणे, पुट ऑन म्हणजे अंगावर चढवणे. एक स्थिती, एक कृती. 'ती साडी नेसतेय' (निऱ्या हातात आहेत) म्हणजे 'शी इज पुटिंग ऑन अ सारी'. 'ती साडी नेसली आहे' (तयार होऊन उभी आहे) म्हणजे 'शी इज वेअरिंग अ सारी'. मराठीत स्थिती दाखवायला आपण '-ली आहे', '-लेत' लावतो. शाळेच्या व्याकरणात त्याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात आणि मुलं इमानदारीने 'हॅव' आणतात. तिथे हॅव नको, चालू काळ हवा. हीच गोष्ट 'तो बसलाय' (इज सिटिंग), 'बाळ झोपलंय' (इज स्लीपिंग), 'पुस्तक पडलंय' (इज लाइंग) यांची. ही एक चावी दिलीत तर दहा-बारा क्रियापदं एकदम सुटतील.

वेअरच्या बाबतीत गरीब भाषा इंग्रजी आहे, आपण नाही. साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो, अत्तर लावतो. त्यांच्याकडे सगळ्याला वेअर. हे सांगितलं की मुलांची कॉलर ताठ होते.

बॉरो-लेंडला फार काही नाही. उसनं घेणे बॉरो, उसनं देणे लेंड. फक्त 'भाड्याने' आलं की सावध: रेंट दोन्ही बाजूंनी चालतं, भाडेकरूही 'रेंट' करतो आणि घरमालकही. मालकाच्या बाजूने स्पष्टच म्हणायचं तर 'रेंट आउट' किंवा 'लेट'.


कोशवाला:

देण्याघेण्यावरून आठवलं. परीक्षा विद्यार्थी 'देतो' आणि शिक्षक 'घेतात', इंग्रजीत बरोब्बर उलटं आहे. विद्यार्थी 'टेक' करतो, शिक्षक 'गिव्ह' करतात. 'आय गेव्ह माय एक्झाम' भारतीय इंग्रजीत इतकं रुळलंय की ते ऐकून इथे कोणी थबकत नाही. परदेशी परीक्षकापुढे मात्र 'टुक' म्हणावं. 'गेव्ह' म्हटलं तर त्याला वाटेल, प्रश्नपत्रिका तुम्हीच काढलीत.

मूळ प्रश्नातली अडचण शब्दकोशाच्या निवडीची पण आहे. इंग्रजी-मराठी कोश अर्थ देतो, खुर्ची देत नाही. त्यासाठी लर्नर्स डिक्शनरी हवी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश. हे कोश जन्माला आलेच मुळी याच अडचणीतून. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबींनी तिथल्या विद्यार्थ्यांसाठी असा कोश केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो काढला. त्यात प्रत्येक क्रियापदामागे काय बसतं हे ठरवून दाखवलेलं होतं. १९७८ मध्ये आलेल्या लाँगमनच्या कोशाने व्याख्यांसाठी सुमारे २००० सोपेच शब्द वापरायचे असं बंधन घालून घेतलं. १९८७ च्या कोबिल्ड कोशाने व्याख्या पूर्ण वाक्यात दिल्या, म्हणजे व्याख्या वाचतानाच क्रियापद वाक्यात बसलेलं दिसतं. कच्च्या मुलांसाठी मला तो सगळ्यात बरा वाटतो.

यातले बरेचसे कोश आता फोनवर फुकट दिसतात. वापरायचे कसे ते मात्र शिकवावं लागतं. नोंद उघडली की अर्थाकडे धावायचं नाही. आधी क्रियापदाजवळचं कंसातलं अक्षर बघायचं. 'टी' असेल तर कर्म हवंच, 'आय' असेल तर कर्म नको. मग जाड ठशातला साचा: 'एस-बी' म्हणजे कोणीतरी, 'एस-टी-एच' म्हणजे काहीतरी. सेच्या नोंदीत एस-बीच्या अलीकडे 'टू' दिसेल, टेलच्या नोंदीत दिसणार नाही. झालं, कर्ता_कर्म यांनी सांगितलेली खुर्ची हीच. त्यानंतर दोन उदाहरणवाक्यं उतरवायची, आणि अर्थ सगळ्यात शेवटी.

डू-मेकचा प्रश्न कोणी काढला नाही, पण तो येणारच. पोळ्या, चहा, आवाज, चूक, निर्णय, वचन: आधी नव्हतं ते तयार झालं, तिथे मेक. गृहपाठ, भांडी, व्यायाम, धंदा: आधीच असलेलं काम उरकलं, तिथे डू. नियम ढोबळ आहे. 'डू डॅमेज'मध्ये तो कोसळतोच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मराठीतल्या बऱ्याच 'करणे'ला इंग्रजीत दोन्ही नको असतात. अभ्यास करणे 'स्टडी', मदत करणे 'हेल्प', फोन करणे 'कॉल', लग्न करणे 'मॅरी'. (आणि 'मॅरी विथ' नाही, खुर्ची थेट माणसाची.) 'डू स्टडी' लिहिणारं मूल डू की मेक यात अडकलेलं नसतं, 'करणे'चं काहीतरी भाषांतर व्हायलाच हवं असं त्याला वाटत असतं.


ऐकू_येतंय_का:

'मी-मला'च्या यादीत आठवणे घाला. मला आठवतं: रिमेंबर. कोणी आठवण करून दिली: रिमाइंड, आणि त्यामागे माणूस हवाच, 'रिमाइंड मी'. शिवाय रिमेंबरमागे 'टू' आणि 'इंग' यांनी अर्थ फिरतो: 'रिमेंबर्ड टू लॉक' म्हणजे आठवणीने कुलूप लावलं, 'रिमेंबर लॉकिंग' म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय. स्टॉपचंही असंच: 'स्टॉप्ड टू ड्रिंक टी' म्हणजे चहा प्यायला थांबला, 'स्टॉप्ड ड्रिंकिंग टी' म्हणजे चहा सोडला.


वहीचा_समास:

ब्रिंग-टेकला आणणे-नेणे लावलं, ते लगेच बसलं. पण कम-गोमध्ये एक मुलगा अडून बसलाय. घरातून निघताना 'येतो' म्हणतो तर 'आय अ‍ॅम कमिंग' का नाही?


ठाणे_लोकल:

कम म्हणजे बोलणाऱ्याकडे किंवा ऐकणाऱ्याकडे. फोनवर मित्राला 'येतोय तुझ्याकडे' सांगताना 'आय अ‍ॅम कमिंग' बरोबर, कारण ऐकणारा तिथे आहे. उंबऱ्यात उभं राहून आईला 'येतो' म्हणताना तो आईपासून लांब चाललाय, म्हणून 'आय अ‍ॅम गोइंग' किंवा 'आय अ‍ॅम ऑफ'. आपण 'जातो' म्हणत नाही ते अशुभ वाटतं म्हणून. तो 'येतो' परत येण्याचा आहे, आणि तो सांगायचाच असेल तर 'आय विल बी बॅक'.